‘मी’, ‘तू’ आणि ‘हे राजे’ : जीवेश्वरभेदाचे निरूपण



श्रीमद्भगवद्गीतेत उपदेशाला प्रत्यक्ष प्रारंभ होतो तो दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून. ज्यांचा शोक करू नये त्यांचा शोक अर्जुन करीत आहे, एवढेच त्या श्लोकात श्रीकृष्णचक्रवर्तींनी त्याच्या ध्यानात आणून दिले. शोक का करू नये, याचे पहिले कारण बाराव्या श्लोकात येते. त्याचा आशय असा की, स्वतः श्रीकृष्ण पूर्वी कधी नव्हते असे नाही, अर्जुन नव्हता असे नाही आणि समोर उभे ठाकलेले राजेही नव्हते असे नाही. पुढेही या सर्वांचे असणे कधी खंडित व्हावयाचे नाही. श्लोक लहान आहे, शब्द सोपे आहेत. नित्यपाठ करणारा मनुष्य तो सहज म्हणून पुढे जातो. परंतु भारतीय दर्शनांचा जो मुख्य विवाद, तो याच श्लोकावर येऊन ठेपलेला आहे.

या श्लोकात ‘मी’ आहे, ‘तू’ आहे आणि ‘हे राजे’ आहेत. हे तीन शब्द खरोखर तीन ठिकाणांकडे बोट दाखवितात, की एकाच वस्तूची ही तीन नावे आहेत? ‘मी’ म्हणणारा परमेश्वर आणि ‘तू’ म्हणून संबोधिलेला जीव हे मुळात एक असतील, तर उपदेश कोणी कोणास केला? आणि भिन्न असतील, तर तो भेद केव्हातरी मावळणारा आहे की मुक्तावस्थेतही राहणारा आहे? प्रश्न वरवर पाहता पंडितांचा वाटतो. परंतु जो अनुसरला आहे, घरदार सोडून अटन-विजन करीत आहे, स्मरणाला बसला आहे, त्याच्या स्मरणाला विषय कोण, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. उपदेशी गृहस्थ संकटात कोणापुढे हात जोडतो, हेही त्यावरच ठरते.

प्रथम श्रीशंकराचार्यांचा पक्ष पाहू जाता, त्यांनी आपल्या गीताभाष्यात या श्लोकावर फार थोडे लिहिले आहे. श्लोकात अनेकवचन आले आहे ते देहांच्या भेदाला अनुसरून आले आहे, आत्म्याचा भेद सांगण्याच्या अभिप्रायाने नव्हे, असा त्यांचा निर्णय आहे. घट अनेक असले म्हणून आकाश अनेक होत नाही, तसे हे. छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू यास जो उपदेश नऊ वेळा करतो, त्या ‘तत्त्वमसि’ या महावाक्याच्या प्रकाशात त्यांनी सारी गीता पाहिली. ‘तत्’ या पदातून सर्वज्ञत्वादी उपाधी आणि ‘त्वम्’ या पदातून अल्पज्ञत्वादी उपाधी वजा करावी, मग जे चैतन्य शिल्लक राहते ते एकच, अशी अद्वैती आचार्यांची रीत आहे. तिला भागत्यागलक्षणा म्हणतात.

या पक्षाकडे पाहताना आपल्या मार्गातील काही लोक घाई करतात. ‘मायावाद’ असा एक शब्द उच्चारला की त्यांचे खंडन आटोपते. असे खंडन अभ्यासाच्या उपयोगाचे नाही. ब्रह्मजिज्ञासेच्या आधी श्रीशंकराचार्यांनी साधकाकडे चार गोष्टी मागितल्या आहेत : नित्य व अनित्य यांचा विवेक, इहलोकीच्या आणि परलोकीच्याही फलभोगाविषयी वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मुमुक्षुत्व. स्वर्गाच्या फळावरही पाणी सोडल्याशिवाय ज्या शास्त्राचे दार उघडत नाही, ते शास्त्र हलके म्हणता येत नाही. त्यांच्याशी असलेला मतभेद वैराग्याविषयी नाही, तो वस्तूविषयी आहे.

श्रीशंकराचार्यांनंतर सुमारे तीन शतकांनी श्रीरामानुजाचार्यांनी याच बाराव्या श्लोकावर लेखणी थांबविली आणि विस्ताराने विचार केला. भगवंतांनी अर्जुनाचा मोह घालविण्यासाठी जे पहिलेच वाक्य उच्चारले, त्यातच आपण, तू आणि इतर असा भेद सांगितला. तेव्हा हा भेद अज्ञानाचा असता तर अज्ञान घालविणाऱ्या वाक्यात तो आला नसता, हे त्यांचे पहिले म्हणणे. दुसरे त्याहून सूक्ष्म आहे. ते विचारतात की, उपदेश करणारा श्रीकृष्ण तत्त्व जाणतो की जाणत नाही? जाणत असेल तर त्याच्या दृष्टीला दुसरा कोणी नाहीच, मग उपदेश कोणाला? भेदज्ञान बाधित झाले तरी ते जळालेल्या वस्त्राच्या घडीप्रमाणे दिसत राहते, असे उत्तर द्यावे, तर मृगजळ हे मृगजळ आहे असे कळल्यावर कोणी घागर घेऊन पाणी आणावयास जात नाही. मण्यात, तलवारीच्या पात्यात किंवा आरशात आपलीच प्रतिबिंबे पडली आहेत हे जाणणारा शहाणा मनुष्य त्या प्रतिबिंबांना काही समजावून सांगत बसत नाही.

हा आक्षेप फार बळकट आहे. अद्वैती त्यालाही उत्तर देतात. स्वप्नात सिंह दिसतो, तो खोटा असतो, तरी त्याच्या भयाने खरी जाग येते. त्याप्रमाणे व्यवहारातील गुरू आणि शास्त्र पारमार्थिक नसले तरी त्यांच्या योगाने ज्ञान होते, असे ते म्हणतात. उत्तर चतुर आहे. परंतु स्वप्नातील सिंहाला त्या झोपलेल्या मनुष्याची करुणा आलेली नसते. तो गरजतो आणि नाहीसा होतो, एवढेच. परमेश्वर जीवाच्या उद्धरणाचे व्यसन घेऊन, कृपेने अवतार स्वीकारतो, जीवांच्या मागे हिंडतो, त्यांचे बोलणे सोसतो, असे जे ब्रह्मविद्येत सांगितले आहे, त्याला या दृष्टांतात जागा राहत नाही. कृपेसाठी दोन लागतात. ज्याच्यावर कृपा करावयाची तो कृपा करणाऱ्याहून खरोखर निराळा असल्याशिवाय कृपा हा शब्द पोकळ होतो.

भेद मानणाऱ्या दर्शनांतही सर्वांचा भेद सारखा नाही. सांख्यांनी पुरुष अनेक मानले. जन्म, मरण आणि इंद्रिये प्रत्येकाची वेगळी, एक प्रवृत्त होतो तेव्हा दुसरा होत नाही, म्हणून पुरुष एक असू शकत नाही, हे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील प्रमाण आजही खोडून काढणे कठीण आहे. मात्र त्यांच्या पंचवीस तत्त्वांत ईश्वराला स्थान नाही. योगसूत्रकारांनी क्लेश, कर्म, विपाक आणि आशय यांचा स्पर्श नसलेला पुरुषविशेष म्हणून ईश्वर मानला, त्याला पूर्वजांचाही गुरू म्हटले, तरी बंध तोडण्याचे काम पुरुष व प्रकृती यांच्या विवेकज्ञानावरच सोपविले. नैयायिकांनी ईश्वर तर्काने सिद्ध केला. उदयनाचार्यांची न्यायकुसुमांजली त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पूर्वमीमांसकांना कर्म आणि त्याचे अपूर्व एवढे पुरे झाले. म्हणजे काहींकडे जीव आहे आणि सोडविणारा नाही, तर काहींकडे ईश्वर आहे परंतु तो जगाचा कर्ता म्हणून आहे, जीवाचा सोयरा म्हणून नाही.

श्रीमध्वाचार्यांनी मात्र भेदाचा झेंडा उघड उभारला. ईश्वर आणि जीव, ईश्वर आणि जड, जीव आणि जीव, जीव आणि जड, जड आणि जड असे पाच भेद त्यांनी सत्य व नित्य मानले. स्वतंत्र एक परमेश्वर, बाकी सर्व परतंत्र. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी आणि श्रीमध्वाचार्य हे दोघेही तेराव्या शतकातले. त्यामुळे महानुभावांचे तत्त्वज्ञान म्हणजे मध्वमताचीच मराठी आवृत्ती, असे कोणी कोणी समजतात. हा समज वरवरच्या वाचनातून आलेला आहे. दोन ठिकाणी तर अंतर इतके मोठे आहे की ते झाकता येत नाही. मध्वमतात ब्रह्मा, वायू आदी देव हे जीवच आहेत, फक्त वरच्या पायरीचे. ब्रह्मविद्येत देवता हा जीवाहून स्वतंत्र असा अनादी पदार्थ आहे. आणि मध्वमतात जीवांमध्ये मूळचेच तारतम्य आहे. काही मुक्तीला योग्य, काही नित्य संसारी, काही अंधतमासाला योग्य. ब्रह्मविद्येत जीव म्हणून कोणताही जीव मुक्तीच्या कक्षेबाहेर ठेवलेला नाही. सर्वज्ञांनी स्त्रिया आणि शूद्र यांना ज्ञान निरूपिले, महदाइसेचे प्रश्नामागून प्रश्न ऐकून घेतले आणि तिच्या जिज्ञासेचे कौतुक केले, याचे मूळ या सिद्धांतात आहे. निव्वळ दयाळू स्वभावाचा तो प्रकार नव्हता.

चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकापासून शांकरदर्शनापर्यंत सोळा दर्शने क्रमाने मांडली. त्यांत परमार्गाचे नाव नाही. त्याचे आश्चर्य वाटू नये. श्रीनागदेवाचार्यांनी संस्कृतात नव्हे तर मराठीत निरूपण व्हावे असा आग्रह धरला होता, आणि पुढे तर ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत गेले. मराठीतील हे शास्त्र संस्कृत पंडितांच्या वादसभेत पोहोचलेच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कै. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तोवर मठाबाहेरच्या जगाला या विचाराची नीट ओळखही नव्हती.

आता मूळ श्लोकाकडे वळावे. ब्रह्मविद्येत चार पदार्थ सांगितले आहेत : जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. चारही अनादी, चारही परस्परांहून भिन्न. जीव बद्धमुक्त, म्हणजे आज बांधलेला परंतु सुटू शकणारा. देवता नित्यबद्ध. परमेश्वर नित्यमुक्त. प्रपंच कारणरूपाने नित्य आणि कार्यरूपाने नासणारा. बाराव्या श्लोकातील ‘मी’ हा परमेश्वर, ‘तू’ आणि ‘हे राजे’ हे जीव. त्याच प्रकरणात पुढे अठराव्या श्लोकात देहांना अंत आहे असे सांगितले, तेथे कार्यरूप प्रपंच आला. राहिली देवता. ती सातव्या आणि नवव्या अध्यायांत येते. कामनेने ज्ञान हिरावले गेलेले लोक अन्य देवतांकडे जातात, त्यांना मिळणारे फळ अंत असणारे असते, स्वर्ग भोगून पुण्य सरले की ते पुन्हा मर्त्यलोकी येतात, आणि देवतांचे याजक देवतांपाशी जातात तर परमेश्वराचे भक्त परमेश्वरापाशी, अशी स्पष्ट विभागणी तेथे आहे.

येथे एक शंका येते. जीवही नित्य आणि परमेश्वरही नित्य, मग भेद कशात राहिला? दोन्ही अनादी असतील तर कोणी कोणाहून थोर कसा? याचे समाधान चौथ्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात सापडते. आपले आणि अर्जुनाचे पुष्कळ जन्म होऊन गेले, ते सर्व आपण जाणतो आणि अर्जुन जाणत नाही, असे श्रीकृष्णचक्रवर्ती तेथे सांगतात. असणे दोघांचेही अखंड आहे. जाणणे मात्र एकाकडेच आहे. जीवाला अनादी अविद्येचे आवरण आहे आणि ते आवरण त्याने स्वतः घातलेले नसल्यामुळे ते स्वतःच्या बळाने काढणे त्याला शक्य नाही. नित्यत्व जीवाला परमेश्वराने दिलेले नाही, ते त्याचे आपले आहे. मुक्ती मात्र परमेश्वराच्या देण्यावाचून त्याला नाही.

खेड्यातील एक नेहमीचा प्रसंग घ्यावा. दोर तुटून पोहरा विहिरीत पडतो. तळाशी गाळात रुततो. त्या विहिरीत पूर्वी पडलेले आणखीही पोहरे असतात, काही मोठे, काही चांगल्या घडणीचे, काही तळापासून थोडे वर कपारीत अडकलेले. वरचा पोहरा खालच्याला काढू शकत नाही. तोही विहिरीतच आहे. पोहरा स्वतःच स्वतःला वर ओढू शकत नाही. काठावर उभा असलेला मनुष्य दोराला लोखंडी गळ बांधून खाली सोडतो, चाचपत राहतो, गळ कडीत अडकला की ओढून घेतो. काठावरचा मनुष्य विहिरीत पडलेला नाही म्हणूनच तो काढू शकतो. कपारीत अडकलेला पोहरा म्हणजे देवता, गाळातला तो जीव, विहीर हा प्रपंच. दृष्टांताला मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. पोहऱ्याला इच्छा नसते. जीवाला असते, आणि गळ हाताशी आला असता तोंड फिरविण्याचे स्वातंत्र्यही असते. शिवाय परमेश्वर काठावर उभा राहून स्वस्थ राहत नाही. तो स्वतः खाली उतरतो, आणि उतरूनही बुडत नाही.

देवतांविषयी येथे थोडे थांबून लिहिणे अवश्य आहे, कारण सामान्य वासनिकाची अडचण याच ठिकाणी असते. घरात मूल आजारी पडते. ताप उतरत नाही. शेजारी म्हणतात, अमुक देवाला नवस बोला. सोयरे म्हणतात, तुमचा पंथ राहू द्या बाजूला, मुलाचा जीव मोठा की पंथ मोठा? आई गांगरते. अशा वेळी कोणीतरी समजुतीच्या सुरात सांगतो की, अखेर देव सगळे एकच, कोणत्याही नावाने हाक मारा. हे वाक्य ऐकावयास उदार वाटते, आणि जो ते बोलतो त्याला आपण वेदांत बोलतो असेही वाटते.

परंतु हा वेदांत कोणाचा, असे विचारले तर त्याला धनी सापडत नाही. श्रीशंकराचार्यांचा तो नाही. त्यांनी इहपरलोकीच्या फलभोगाचे वैराग्य ही पहिल्या पायरीचीच अट घातली आहे. पुत्र, धन, आरोग्य यांसाठी नवस बोलणाऱ्याला त्यांच्या अद्वैताचा आधार घेता येत नाही. श्रीरामानुजाचार्यांनी एका नारायणाची अनन्य प्रपत्ती सांगितली. श्रीमध्वाचार्यांनी तर देवांची पायरी पायरी लावून सर्वांना विष्णूच्या अधीन ठेवले. सगळे देव एकच, म्हणून कोठेही जावे, हे मत या आचार्यांपैकी कोणाचेही नाही. ते भयाचे मत आहे, आणि भय ओसरले की तेही ओसरते.

येथे विरुद्ध बाजूचाही दोष सांगितला पाहिजे. देवतांचा उपहास करणे म्हणजे परधर्माची निष्ठा, असे काही उपदेशी समजतात. ब्रह्मविद्येने देवता खोट्या आहेत असे कोठेही म्हटलेले नाही. कर्मभूमीच्या देवतांपासून चैतन्यमायेपर्यंत नऊ थोव्यांत त्यांची गणना केली आहे. त्यांना सामर्थ्य आहे, त्यांची फळे आहेत. त्या आपापल्या अधिकारातले देतात, आणि ते फळ जीवाला त्या त्या मर्यादेपर्यंत भोगावयास मिळते. जे त्यांच्यापाशी नाही ते त्या देऊ शकत नाहीत, एवढेच शास्त्राचे म्हणणे आहे. जो स्वतः नित्यबद्ध आहे त्याच्याकडे मुक्ती मागणे व्यर्थ. पण म्हणून त्याच्या देवळापुढे उभे राहून वेडेवाकडे बोलणे हा आचार नव्हे, तो रजोगुण आहे. आजारी मुलासाठी वैद्याकडे, दवाखान्यात जावे. औषध हे प्रपंचातील कार्य आहे, प्रपंचातील देहावर ते लागू पडते, आणि ते घेण्याने अनन्यतेला बाध येत नाही. त्या आईने मुलाच्या उशाशी बसून परमेश्वराचे स्मरण करावे. ताप उतरला तर ते स्मरण पुरे झाले असे नव्हे, आणि न उतरला तर वाया गेले असेही नव्हे. हे बोलावयास सोपे आणि करावयास फार अवघड आहे, याची जाण ठेवूनच कोणी महंताने ते त्या आईला सांगावे.

‘सर्व मते खरीच’ या म्हणण्याला पुष्टी म्हणून जात्यंध आणि हत्ती यांची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. ही गोष्ट बौद्धांच्या उदानात आहे, जैनांनी तिचा उपयोग अनेकान्तवादासाठी केला, आणि श्रीकेशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठातही ती आहे. कोणी पाय चाचपून हत्तीला खांबासारखा म्हणतो, कोणी कान चाचपून सुपासारखा. सभांतून गोष्ट येथेच संपते आणि श्रोते समाधानाने माना डोलावतात. परंतु दृष्टांतपाठातील गोष्टीत एक डोळस मनुष्यही आहे. त्याला सबंध हत्ती दिसतो, आणि कोणाच्या हाती कोणता अवयव लागला तेही तोच सांगू शकतो. डोळस मनुष्य वगळला की गोष्टीचा अर्थच उलटतो. सगळेच आंधळे असते तर हत्ती होता हेही कोणाला कळले नसते. डोळसाचे काम आंधळ्यांना हसण्याचे नाही, हे मात्र तितकेच खरे. त्यांनी चाचपले ते खोटे नव्हते. ते अपुरे होते, आणि अपुऱ्यालाच पूर्ण म्हणणे ही त्यांची चूक होती. सूत्रपाठातील ‘अन्यव्यावृत्ति’ या प्रकरणाचा अभ्यास याच दृष्टीने करावयाचा असतो. दुसऱ्याला वादात कुंठित करण्यासाठी जो ती सूत्रे पाठ करतो, त्याच्या स्वतःच्या मनातील ‘अन्य’ जेथल्या तेथे राहते.

आता आणखी एक शंका. पंधराव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात जीवाला परमेश्वराचा अंश म्हटले आहे. अंश आणि अंशी हे एकच नव्हेत काय? अद्वैती येथे जळातील सूर्यबिंबाचा किंवा घटाकाशाचा दृष्टांत देऊन अंशत्व कल्पित ठरवितात. श्रीरामानुजाचार्य शरीर आणि शरीरी या संबंधाने ते लावतात. मध्वसंप्रदायात स्वरूपांश आणि भिन्नांश असे दोन प्रकार करून जीव हा भिन्नांश मानला जातो. येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. त्याच श्लोकात त्या अंशाला सनातन असे विशेषण लावलेले आहे. उपाधी गेली की नाहीसा होणारा अंश सनातन म्हणता येत नाही. व्यवहारातही ‘हा आमचा माणूस’ असे धनी म्हणतो, तेव्हा तो माणूस धन्याच्या देहाचा तुकडा असतो असे नव्हे. आपलेपणाचा तो शब्द आहे. परमेश्वराने जीवाला आपले म्हणावे, हीच त्या श्लोकातील मोठी गोष्ट आहे, आणि आपले म्हणावयास समोर दुसरा असावा लागतो.

मग मुक्तीत काय होते? जीव परमेश्वरात विरून जातो काय? चौदाव्या अध्यायाच्या दुसऱ्या श्लोकात, या ज्ञानाचा आश्रय केलेले लोक परमेश्वराच्या साधर्म्याला पोहोचतात, ते सृष्टीच्या वेळी जन्मत नाहीत आणि प्रळयात व्यथा पावत नाहीत, असे म्हटले आहे. श्रीशंकराचार्यांना येथे साधर्म्य याचा अर्थ समानधर्मता असा घेता आला नाही. गीताशास्त्रात क्षेत्रज्ञ आणि ईश्वर यांचा भेद मानलेला नाही, असे कारण देऊन त्यांनी तो शब्द स्वरूपताप्राप्ती या अर्थाने लावला. म्हणजे शब्दावरून सिद्धांत न निघता सिद्धांतावरून शब्दाचा अर्थ निघाला. एवढ्या थोर भाष्यकाराविषयी हे बोलताना संकोच वाटावा हे योग्य आहे, परंतु जे आहे ते असे आहे. साधर्म्य म्हणजे सारखेपणा, आणि सारखेपणा दोघांत असतो. ब्रह्मविद्येप्रमाणे मुक्त जीवाची अविद्या परमेश्वर फेडतो आणि त्याला आपला आनंद देतो. जीव जीवच राहतो, त्याचे बद्धपण जाते. आनंद भोगणारा उरला नाही तर आनंद दिला कोणाला, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

म्हणूनच असन्निधानी साधकाला नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण सांगितले आहे. स्मरण हे दुसऱ्याचे होते. ‘मीच तो’ अशी भावना करीत बसणाऱ्याला विरह संभवत नाही, आणि विरह नाही तेथे दुःखपूर्वक स्मरणही नाही. ज्याच्यापासून आपण दुरावलो आहोत तो खरा आहे, निराळा आहे, आणि तोही आपल्याला विसरलेला नाही, या तीन गोष्टी मनात पक्क्या असतील तरच भिक्षू विजनात एकटा बसू शकतो. नाहीतर तो एकांत राहत नाही, एकटेपण होते. आणि एकटेपण मनुष्याला फार दिवस सोसत नाही, तो उठून कोठल्या तरी संगात जाऊन मिसळतो. तरुण भिक्षूंच्या मनाला जो शीण येतो, त्याचे मूळ पुष्कळदा आहारात किंवा अटनात शोधले जाते. ते एकदा येथेही शोधून पाहावे.

गीतेच्या शेवटाकडे पाहिले तर सर्वनामांचा हा धागा तेथवर गेलेला दिसतो. अठराव्या अध्यायाच्या त्र्याहत्तराव्या श्लोकात अर्जुन आपला मोह गेल्याचे, स्मृती परत आल्याचे सांगतो. अद्वैत हाच उपदेशाचा निष्कर्ष असता, तर मोह गेल्यावर अर्जुनाच्या तोंडून ‘तू’ हा भाव गळून पडावयास हवा होता. परंतु हे सर्व श्रीकृष्णांच्या प्रसादाने झाले आणि आता त्यांचे वचन आपण करू, असे तो म्हणतो. प्रसाद देणारा एक, घेणारा एक. आज्ञा करणारा एक, पाळणारा एक. मोहापूर्वी जो भेद होता तो मोह गेल्यावरही आहे. पूर्वी अर्जुन त्या भेदाच्या पलीकडे असलेल्याचे ऐकत नव्हता, आता ऐकतो, एवढा पालट झाला.

आणि ‘हे राजे’? बाराव्या श्लोकात त्यांचाही उल्लेख आहे. दुर्योधनाच्या बाजूचे आणि पांडवांच्या बाजूचे, असा भेद तेथे केलेला नाही. जे समोर उभे होते ते सर्व नित्य आहेत असे परमेश्वराने स्वमुखाने सांगितले. ते नित्य होतेच. त्या नित्यत्वाने त्यांचे काही भागले नाही. अठरा दिवसांत बहुतेकांचे देह पडले आणि जीव आपापल्या कर्मांप्रमाणे पुढच्या संसरणाला गेले. ज्यांच्याविषयी ते वाक्य उच्चारले गेले, त्यांनी ते ऐकलेच नाही; शंखभेरींच्या गजरात ते काही हातांच्या अंतरावर उभे होते. ऐकले ते अर्जुनाने. आणि संजयाच्या मुखाने हस्तिनापुरात बसलेल्या धृतराष्ट्राने. सातशे श्लोकांतील एकही शब्द त्याला चुकला नाही. कथा संपल्यावर संजय रोमांचित होऊन पुन्हा पुन्हा हर्ष पावत होता. धृतराष्ट्र मात्र एक शब्दही बोलल्याचे तेथे लिहिलेले नाही.